उशिरा आलेली आरोळी

मला क्रिकेट आवडत नाही. केबलवाल्याच्या बायकोनं असं बोलू नये म्हणून इतकी वर्षं गप्प बसले, एवढंच. ज्या खेळावर घरची चूल पेटते त्याला नावं ठेवायची नसतात, हे मला आईनं शिकवलं नव्हतं, पण कळायला वेळ लागला नाही. आता बोलायला हरकत नाही.

नगरच्या एमआयडीसीला लागून नागापुरात आमची वसाहत आहे. चार गल्ल्या, पत्र्याची आणि स्लॅबची मिसळ घरं, आणि घरटी एक माणूस तरी कंपनीत. जामखेड, पाथर्डी, शेवगावकडून पोटामागे आलेली माणसं. आमचे हेही आधी वेल्डर होते. माझं लग्न झालं आणि पुढच्याच उन्हाळ्यात यांची कंपनी बंद पडली. आम्ही ख्रिस्ती, आमच्यात पायगुण वगैरे मानत नाहीत, म्हणून मी वाचले. यांनी कंपनीकडून मिळालेल्या पैशात घरावर डिशची छत्री बसवली, मागच्या खोलीत मशीनं मांडली, त्या खोलीला कंट्रोल रूम असं भारदस्त नाव दिलं आणि काळी वायर खांद्यावर घेऊन स्वतः खांबाखांबावर चढले. तक्रारींचा फोन माझ्याकडे आला. तेव्हापासून लोकांच्या शिव्या पहिल्यांदा माझ्या कानात पडायच्या.

लोक म्हणतात केबल सिरियलवर चालायची. साफ खोटं. सिरियल अर्धा तास गेली तर बायका चुकचुकून भाजी निवडायला बसत. मॅच दोन मिनिटं गेली की माणसं घरावर येत. मॅचमुळेच लोक नवीन कनेक्शन घेत आणि मॅचमुळेच दर महिन्याला पैसे देत. मोठी मॅच असली की सकाळी हे देवासमोर डोळे मिटून बसायचे. यांनी भारताचा विजय कधी मागितल्याचं मला आठवत नाही. यांचं मागणं एकच असायचं, लाईट जाऊ नये.

आणि हे मॅच बघायचे नाहीत. नवीन माणसाला खरं वाटायचं नाही, पण सगळ्या वसाहतीला मॅच दाखवणारा माणूस स्वतः बाहेर चौकात, चारही गल्ल्या जिथे मिळतात तिथल्या कट्ट्यावर घरांकडे पाठ करून बसलेला असायचा. ते गल्ल्या ऐकायचे. विकेट पडली की चारही गल्ल्यांतून एकदम आरोळी उठायची, आणि तशी उठली की लाईन ठीक. तीन गल्ल्या ओरडल्या आणि चौथी मुकी राहिली, की तिथला अँप्लिफायर गेला. मग माझ्याकडचा फोन वाजायच्या आत यांची शिडी त्या खांबाला लागलेली असायची. मी फोन उचलून म्हणायची, "माणूस पोहोचलाय, खिडकीतून बघा." समोरचा खिडकीतून बघायचा आणि शिवी गिळायचा. मला त्याचा फार आनंद व्हायचा.

तिसऱ्या गल्लीत जामखेडकडचा एक फिटर राहतो. आमचं सगळ्यात पहिलं कनेक्शन त्याचं. तेव्हा त्याच्याकडे टीव्हीसुद्धा उसना आणलेला होता. यांचा दोस्त म्हणा, पाठचा भाऊ म्हणा. आमच्या नाताळाला तो बायकोमुलांना घेऊन यायचा, त्याच्याकडच्या लग्नात हे पंगत वाढायला. मला वहिनी म्हणतो आणि तोंडावर सांगतो की वहिनी, तुमी फोनवर लई खेकसता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवार होता, आम्ही उपासनेहून येऊन जेवलो आणि मॅच सुरू झाली म्हणून हे कट्ट्यावर गेले. थोड्या वेळानं तडक घरात आले आणि शिडी उचलली.

"तिसऱ्या गल्लीत फॉल्ट आहे."

"ओरडले की सगळे. मी ऐकलं."

"ओरडले. पण तिसऱ्या गल्लीचा थोडा आवाज मागनं आला."

मी म्हटलं, मागनं आला तर मागनं आला, कोणी पाणी पीत असेल. पण यांना चैन कुठलं. एवढ्या वर्षांत आवाज आला किंवा आला नाही, एवढंच यांना माहीत होतं. उशिरा येणारा आवाज यांनी ऐकलाच नव्हता. यांनी तिसऱ्या गल्लीचा अँप्लिफायर खोलला, सगळे कनेक्टर बदलले, आणि ते करताना अख्ख्या गल्लीची मॅच घालवली. माझा फोन तापला. मी एकेकाला गप्प करत होते आणि मनात यांना बोलत होते. शेवटी मीच तिकडे गेले, तर हे घामाघूम होऊन शिडीवर, आणि खाली फिटर उभा.

"भाऊ, उतरा खाली," तो म्हणत होता. "फॉल्ट न्हाई काई."

"अरे, तुझ्याकडे चित्र मागं पडतंय. मी ऐकलंय ना."

फिटरनं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "पोरानं टीव्हीला मोबाईलचं जोडून दिलंय, भाऊ. नेटवर बघतो आमी मॅच. ते जरा मागून येतंय, पन रिचार्जमधी फुकाट हाय. कनेक्शन न्हाई तोडायचो मी. तुमचं हाय ते."

हे खाली उतरले. म्हणाले, "असं होय," आणि खिशातला जुना कनेक्टर काढून उगाच बघत राहिले. मला त्या क्षणी फिटरचा राग यायला हवा होता, पण राग यांचा आला. इतका विश्वास ठेवावाच कशाला माणसानं एखाद्या वायरवर!

त्यानंतर हे कट्ट्यावर बसायचे ते लाईन तपासायला नव्हे, कोण गेलं ते ऐकायला. आधी एका गल्लीतली दोन घरं मागून ओरडायची, मग पाच-सहा, मग अर्धी गल्ली. विकेट एकच पडायची पण आरोळी दोनदा उठायची, आणि दुसरी दर मॅचला मोठी होत चालली होती. घरी येऊन हे सांगायचे, "आज दुसऱ्या गल्लीतला टेलरही नेटवर गेला." टेलरनं काहीच कळवलेलं नसायचं. यांनी त्याचा आवाज ओळखलेला असायचा.

त्यात खेळाच्या चॅनलवाल्यांनी आमचं भलतंच करून ठेवलं. सगळ्यात महाग चॅनल त्यांचं. घरातल्या म्हातारीला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसलं तरी तिच्या पॅकमध्येही ते असायचं, आणि अशा सगळ्यांनी मिळून तो भार उचललेला असायचा. माणसं सुटायला लागली तसा चॅनलचा दर वाढला, दर वाढला की राहिलेल्यांपैकी आणखी सुटले. शिव्या मात्र आम्हाला, कारण चॅनलवाला मुंबईत आणि माझा फोन इथे. बरं, सुटून लोक जात कुठे? तर तीच मॅच तीच कंपनी मोबाईलवर दाखवत होती. आमच्याकडून वसूल करायचं आणि पलीकडे फुकट वाटायचं. मी यांना म्हटलं, ही तर आपल्याच ताटात जेवून आपल्याच ताटात हात धुणारी माणसं. हे म्हणाले, "त्यांचा धंदा आहे." स्वतःचा धंदा मरत असताना दुसऱ्याच्या धंद्याची बाजू घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग एक दिवस नेटच्या कंपनीची दोन माणसं आली. तुमचे खांब आणि तुमची ओळख आम्हाला द्या, म्हणाली, केबल बंद करा, आमचं काम घ्या. यांनी चहा पाजून त्यांना वाटेला लावलं, विचार करून सांगतो म्हणाले. मला वाटलं, हो म्हणावं. पण यांचं म्हणणं, अजून बरीच घरं पैसे देतात, त्यांची लाईन अशी कशी तोडायची? आणि खरंच, फिटरसारखी माणसं पैसे देतच होती. बघत होती का, हा प्रश्न मी विचारला नाही.

कट्ट्यावर ऐकण्यासारखं फार उरलं नाही तेव्हा हे घरात बसून मॅच बघायला लागले. साठीला टेकलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा! आणि काय सांगू, लहान पोरासारखे ओरडायचे. चौकार गेला की मांडीवर थाप, विकेट पडली की जागेवरून उठून गल्ल्यांत ऐकू जाईल अशी आरोळी. मला त्या खेळाचा कंटाळा, पण यांचं ओरडणं आवडायचं. पोळ्या लाटता लाटता मी हसायची.

एका मॅचच्या दुसऱ्या दिवशी फिटर आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "भाऊ, राग मानू नका. तुमच्याकडं आधी दिसतंय, आमच्याकडं मागून. तुमी वरडला की आमाला आधीच कळतंय, विकेट गेली म्हनून. मग बघन्यात मजा न्हाई राहत. पोरं लई चिडत्यात. जरा हळू वरडत जा."

मी आतून बाहेर आले. तोंडावर आलं होतं की या वसाहतीला मॅच दाखवली कोणी, आणि आता ओरडायची परवानगी तुमच्या पोरांकडून घ्यायची का? पण हे आधीच बोलले. "बरोबर आहे रे. लक्षातच आलं नाही माझ्या."

पुढच्या मॅचला विकेट पडली तेव्हा यांनी उशी तोंडावर दाबून धरली. मी दुसरीकडे बघितलं. मला ते बघवेना.

फायनल आली. सकाळी हे प्रार्थनेला बसले आणि लवकर उठले. चहा पिताना मला म्हणाले, "आज मध्येच लाईन बंद करणार आहे."

"डोकं ठिकाणावर आहे का? फायनल आहे."

"म्हणूनच. जे बघतात ते फोन करतील. चार जरी फोन आले तरी लाईन ठेवायची. मग त्या कंपनीवाल्यांना नाही म्हणून सांगतो." कप खाली ठेवून म्हणाले, "भिडेखातर कोणी पैसे देत असेल तर ते मला नकोत."

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड त्यांची होती आणि भीक आमची, हे मला उशिरा उमगत होतं आणि यांना बहुधा केव्हाच उमगलं होतं.

मॅच रंगात आली तशी कंट्रोल रूममध्ये जाऊन यांनी मेन स्विच पाडला. मशीनांचे पंखे थांबले आणि ती खोली एकदम गप्प झाली. मी तक्रारींचा फोन हातात घेऊन पुढच्या खोलीत बसले. ज्या फोननं मला कधी सुखाचा घास खाऊ दिला नाही, त्याच्याकडे मी टक लावून बघत होते. वाज की मेल्या, असं म्हणत होते. कोणीही करा, काहीही बोला, आज मी एका शब्दानं खेकसणार नाही. एकदा पदराआड माझ्याच मोबाईलवरून त्यावर फोन लावावा असंही मनात आलं. पण यांच्या आयुष्याचा कौल मी खोटा कसा देऊ? नाही लावला.

हे दारात उभे होते. बाहेरून आरोळी आली. आमची लाईन मेलेली होती, आणि चारही गल्ल्या ओरडल्या. एकदम, एका सुरात, मागे-पुढे कोणी नाही. यांनी मान हलवली, तशीच, लाईन ठीक असली की हलवायचे तशी. फोन चालू आहे ना, ते मी पुन्हा एकदा बघितलं.

फोन वाजला नाही. दिवेलागणीला चौकात फटाके फुटले तेव्हा कळलं की मॅच संपली. आमच्या घरातला टीव्ही काळा होता, त्यामुळे काय झालं ते आम्हाला माहीत नव्हतं. हे फाटकापाशी गेले. फिटर पेढ्यांचा पुडा घेऊन चाललाच होता.

"कोण जिंकलं रे?" यांनी विचारलं.

फिटर खो खो हसला. "माजी टिंगल करता व्हय भाऊ? तुमाला तर माज्या आधी कळतंय." त्यानं यांच्या हातावर पेढा ठेवला. "पन आज तुमी एकदा बी वरडला न्हाई. लई उपकार झाले बगा. आज खरी मजा आली मॅचला."

हेही हसले. त्याच्या पाठीवर थाप मारली, पोरांना विचारलंय म्हणून सांग म्हणाले, आणि तो दिसेनासा होईपर्यंत फाटकापाशीच उभे राहिले. मग आत येऊन यांनी पेढ्याचे दोन तुकडे केले आणि एक मला दिला. मी उठून कंट्रोल रूमकडे निघाले, स्विच वर करायला.

"राहू दे," हे म्हणाले. "बंदच राहू दे."