कुलूप लावून पाण्यावर

पाण्यावर गेलो की माझं डोकं शांत होतं, हे सांगतानाही मला अपराधी वाटतं. मी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात आहे. हंगामात फोन थांबत नाही. ‘साहेब, आमच्या उसाला तोडणीची टोळी कधी?’ एवढंच दिवसभर कानात. घरी आलो की आबा, माझे वडील. त्यांना विसर पडत चाललाय. एकदा ते सोनईच्या स्टँडवर जाऊन सुटणाऱ्या एसटीत बसले होते.

माझ्या एका मित्राचं ग्रिल-गेटचं वर्कशॉप आहे. त्याने पत्र्याची छोटी नाव केली, तिच्यात लोखंडी पाइप उभा केला आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जुन्या फ्लेक्सचं शीड शिवलं. कुण्या पुढाऱ्याचा चेहरा त्यावर उलटा आलाय. मुळा धरणाच्या पाण्यावर वारं भरलं की त्याचे गाल फुगतात आणि आम्ही दोघे पोरांसारखे हसतो. फोन मी काठावर गाडीच्या डिकीत ठेवतो.

त्या रविवारी बायको भाचीच्या डोहाळजेवणाला जामखेडला गेली होती. निघताना म्हणाली, “आबांना एकटं सोडू नका.”

दुपारी मित्राचा फोन आला. “वारं लई भारी सुटलंय, ये!”

आबा झोपले होते. शेजारच्या काकूंना सांगितलं असतं तर त्या येऊन बसल्या असत्या, पण मग बायकोला कळलं असतं. नुसती कडी लावली तर कुणीही उघडून डोकावलं असतं. म्हणून मी बाहेरून कुलूप लावलं. कुलूप दिसलं की घरात कुणी नाही, असं लोक समजतात.

नाव पाण्याच्या मधोमध गेली आणि वारं पडलं. शीड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं.

“आबांजवळ कोन हाय?” मित्राने सहज विचारलं.

“काकू आहेत,” मी म्हणालो आणि वल्हं उचललं.

“अरे, दमानं! येईल की वारं. पाण्यावर येऊन बी घाईच का तुला?”

मी वल्हवत राहिलो. आबा उठले असतील. दार ओढत असतील. गॅस चालू केला असेल तर? आत आहेत हे कुणाला कळणार? काठ जवळ येतच नव्हता. पुढाऱ्याचा सुरकुतलेला चेहरा माझ्या डोक्यावर घसरत होता आणि मित्र म्हणत होता, “साहेब, इलेक्शनला पडल्यावानी तोंड का केलंय?”

गाडी कशी चालवली, आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा काकू खिडकीशी उभ्या होत्या. आबा आतून गजाला धरून काकूंनी दिलेला बशीतला चहा पीत होते. शर्ट घामाने भिजलेला.

“केव्हाचे हाका मारत्यात,” काकू म्हणाल्या. “मला आधी वाटलं, रेडिओ लागलाय. कुलूप कशापायी लावलं रे?”

मी बोलायच्या आत आबा म्हणाले, “म्याच लाव म्हनलं हुतं त्याला.”

त्यांना तसं खरंच वाटत होतं, की ते मला वाचवत होते? विचारायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी बायकोला फोन करून सगळं सांगितलं. तिने आधी विचारलं,

“काही झालं असतं तर?”

“हो.”

“काकूंना सांगून गेला असतात तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं?” मग जरा थांबून तिने विचारलं, “एवढं काय आहे तिथं?”

“डोकं शांत होतं गं. तेवढ्यापुरतं कुणी काही मागत नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “मग मलाही कधी न्यायचं.”

आबांचं आंघोळपाणी, जेवण, औषधं सगळं तीच बघते. तिचंही डोकं शांत व्हायला हवं, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.