त्रिंबक मंडपवाल्याचं मत

त्रिंबकचा बाप मेंढरं राखायचा. चराईची रानं कमी होत गेली तशी त्यानं निम्मी मेंढरं विकली, वडीगोद्रीच्या बाजारातून बांबू, ताडपत्र्या आणि दोर आणले, आणि गावात पहिल्यांदा भाड्याचा मंडप उभा राहिला. त्रिंबकनं पुढं लोखंडी पाइप, रंगीत कापड, खुर्च्या, मोठाली पातेली अशी भर घातली. आसपासच्या पाच-सहा गावांतली लग्नं, बारशी, तेरव्या त्याच्याच कापडाखाली होत आल्या. माणूस अबोल. कुणी काही म्हटलं की आधी ‘हां’ म्हणायचा आणि मग विचार करायचा. त्यामुळं पुष्कळदा एकाच भांडणात दोन्ही बाजूंना त्याचा ‘हां’ गेलेला असायचा.

गावात सभागृह बांधायचं निघालं तेव्हाही हेच झालं.

सरकारी निधी मंजूर झाला होता. त्यात एक लहान हॉल आरामात बसत होता. पण रामप्रसाद म्हणजे गावातला जुना, बागायतदार माणूस. त्याला मोठा हॉल हवा होता. वरचा खर्च घरटी वर्गणी काढून भागवायचा, असा त्याचा हिशोब. तो त्रिंबकच्या ओट्यावर येऊन बसला.

“त्रिंबका, लग्न म्हणलं की लोक अंबडला पळून राह्यले. कार्यालयवाले सांगतील त्यो भाव. आपल्या गावात मोठा हॉल झाला तर काय वाईट हाय?”

“हां,” त्रिंबक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अंगद आला. तो गावातल्या पोरांचे क्लास घ्यायचा, मारुतीच्या पारावर. त्याला लहान हॉल पुरे होता. “मामा, लग्न वरसातून चार. हॉल वरसभर रिकामा. त्यापरीस लहान बांधू, पोरं अभ्यासाला बसतील. लोकायनं वर्गणी कामून द्यायची?”

“हां, बराबर,” त्रिंबक म्हणाला.

अंगद गेल्यावर कडूबाई भाकरी थापता थापता नवऱ्याला म्हणाली, “काल त्यायला हां, आज ह्याला हां. अन् मोठा हॉल झाला तर आपला मंडप कोण लावीन, ह्येचा इचार केला का?”

त्रिंबकनं केला नव्हता. आता केला, आणि त्याची झोपच उडाली. मोठा हॉल म्हणजे धंदा बसला. मग आपण लहानाच्या बाजूनं. पण तसं बोललं तर लोक म्हणणार, पोटासाठी गावाला आडवा आला. आणि लोक म्हणोत न म्हणोत, ते खरंच असलं तर? आपल्याला लहान हॉल गावासाठी बरा वाटतो की आपल्यासाठी, हे त्याला काही केल्या ठरवता येईना.

गावाचंही तेच चाललं होतं. नकाशाचा कागद हातोहात फिरत होता, पण साठ फूट म्हणजे केवढं, तीस फूट म्हणजे केवढं, हे कुणाच्या डोळ्यांपुढं येत नव्हतं. चहाच्या टपरीवर एक जण हात पसरून दाखवायचा, दुसरा समोरच्या दुकानाकडं बोट करायचा, आणि वाद तिथंच. शेवटी सरपंच मीनाताईंनी त्रिंबकला बोलावलं.

“त्रिंबकभाऊ, तुमच्यापाशी दोर हायेत, खुंट्या हायेत. शाळंमागच्या मोकळ्या जाग्यावर दोन्ही हॉल आखून दाखवा. लोकायला डोळ्यानं बघू द्या.”

“हां,” त्रिंबक म्हणाला.

नकाशावरचं माप बघून त्यानं मोठ्या हॉलचा चौकोन लाल दोरानं आखला आणि त्याच्या आत लहान हॉलचा पांढऱ्या दोरानं. खुंट्या ठोकताना त्याला बापाची आठवण झाली. संध्याकाळी रानात मेंढरं कोंडायला बाप अशीच जाळी लावायचा, एकेक खुंटी हलवून बघत. त्या जाळीत किती मेंढरं मावतील हे कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. मेंढरं आत गेली की कळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव तिथं लोटलं, आणि गोंधळ मिटायचा तो दुप्पट झाला.

रामप्रसाद लाल दोराच्या मधोमध जाऊन उभा राहिला. वर उघडं आभाळ, चौफेर रान. त्यानं गर्रकन वळून पाहिलं. “एवढाच? ह्येच्यासाठी घरटी वर्गणी? माझा गोठा ह्येच्याहून मोठा हाय!”

“गोठा मोठा न्हाई, मालक,” कुणीतरी मागून म्हणालं.

“न्हाई कसा? आता चल, दाखवतो!”

तिकडं अंगदनं आपली पोरं पांढऱ्या दोरात ओळीनं बसवली. मागून झुंबरबाई आणि बचत गटाच्या बाया आल्या. आम्हालाही महिन्याची बैठक घ्यायला हॉल लागतो म्हणून त्या पोरांच्या शेजारी मांडी घालून बसल्या. चौकोन भरला. झुंबरबाईचा पाय दोराबाहेर आला.

“आरं बाबा, मी भित्तीत बसले का काय?” ती म्हणाली. “अन् पुस्तकाचं कपाट कुठं ठुवायचं? मह्या डोक्यावर?”

अंगदचा चेहरा पडला. त्यानं पोरांना आणखी दाटीनं बसवून बघितलं. मग म्हणाला, “लहान पुरत न्हाई. मोठाच पायजे.”

“न्हाई न्हाई,” रामप्रसाद गोठ्याच्या वाटेवरूनच ओरडला, “मोठ्यात काय दम न्हाई. लहानच बांधा अन् वर्गणी वाचवा!”

काल जे मोठ्याच्या बाजूनं होते त्यातले निम्मे लहानाकडं आले आणि लहानवाले मोठ्याकडं गेले. मग दोन्ही बाजूंना शंका आली, ती एकाच माणसाची. त्रिंबकनं मुद्दाम माप कमी धरलं, असं रामप्रसादला वाटलं. मंडपवाल्याला मोठा हॉल परवडत नाही, हे आता त्याच्याही ध्यानात आलं होतं. मीनाताईंनी टेप मागवला. दोनदा मोजलं. माप अगदी बरोबर निघालं. तरी संशय गेला नाही. माप बरोबर आहे तर मग हे सगळं लहान कसं दिसतंय, हे कुणालाच सांगता येईना. त्रिंबकलाही नाही. इतकी वर्षं मंडप घालून त्यालासुद्धा तो चौकोन कधी केवढा वाटायचा, कधी केवढा.

ग्रामसभा तिथंच, शाळेच्या सावलीत भरली. बोलणं संपेना तेव्हा मीनाताई म्हणाल्या, आता हात वर करा. मोठ्यासाठी हात झाले. त्रिंबकनं हात वर केला. लहानासाठी हात झाले. त्रिंबकनं पुन्हा हात वर केला. ग्रामसेवकानं मोजले. दोन्हीकडं सारखे.

“ताई, त्रिंबकमामाचा हात दोन्हीकडं हाय,” अंगद म्हणाला.

“त्यो काढला तरी बराबरच राह्यतंय,” मीनाताई म्हणाल्या. “भाऊ, आता तुमीच एक काय ते सांगा. तुमच्यावर ठरलं.”

सगळ्या माना वळल्या. त्रिंबक उभा राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली.

“मला कळून न्हाई राह्यलं,” तो म्हणाला. “मोठा झाला तर महा धंदा बसतो. म्हणून लहान म्हणावं वाटतं. मंग मनात येतं, आपल्या पोटासाठी गावाचं कामून आडवावं. म्हणून मोठ्याला हात केला. हात वर गेल्यावर वाटलं, हे तर आपण लोकायनं चांगलं म्हणावं म्हणून केलं. म्हणून लहानालाबी केला. ह्यातलं खरं कोणतं, मला सांगता येत न्हाई. तुमाला कोणाला येत आसंल तर सांगा.”

कुणी हसलं नाही.  तेवढ्यात बायांमधून कडूबाई उठली. तिला घरी जायचं होतं. दुसऱ्या दिवशी वडीगोद्रीला लग्नाचा मंडप होता आणि लाल दोर तिथं लागणार होता.

“आतलं राहू द्या,” ती नवऱ्याला म्हणाली. “भाइरचं तेवढं घ्या सोडून. त्येचं मंग बघता यीन.”

 मग मीनाताईंनी मांडीवर हात मारला. “बराबर बोलली बाई! आतला हॉल आत्ता बांधू निधीतून. भाइरच्या मापाचा नुसता ओटा घालू. पुढं पैसे आले की भित्ती वाढवू. हाय का कबूल?”

रामप्रसादला वर्गणी वाचली, अंगदला मोठं माप राहिलं. हात वर झाले, या वेळी सगळे. त्रिंबकचाही, एकदाच. कडूबाई तोंडाला पदर लावून उभी राहिली. लोकांनी तो तिचा विनय समजला.

वर्षभरात हॉल झाला. आत पोरं अभ्यासाला बसतात, बचत गटाची बैठक होते. लग्नाला मात्र माणसं आत मावत नाहीत, म्हणून भोवतीच्या फरशीच्या ओट्यावर मंडप लागतो, आणि तो त्रिंबकच लावतो. भाडं पहिल्यापेक्षा कमी मिळतं, कारण खुर्च्या आता हॉलच्या आहेत. पण खड्डे खणावे लागत नाहीत. धंदा बसला म्हणावा तर बसला नाही. चालला म्हणावा तर तसाही नाही.

गावात मात्र एकच बोलणं: नवराबायकोनं काय डोकं चालवलं! दोन्हीकडं हात केला, भोळेपणाचं भाषण ठोकलं, आणि बायकोला बरोबर वेळेला उठवलं. त्रिंबक सांगून थकला की ती दोराचं बोलत होती. अंगदलासुद्धा खरं वाटलं नाही. “मामा, आता मला तरी नका सांगू,” तो हसत म्हणाला. पाच-सहा माणसांनी तेच म्हटल्यावर त्रिंबकला स्वतःचाच भरवसा वाटेना.

एका दुपारी त्यानं कडूबाईला विचारलं, “खरं सांग, तू दोराचंच बोलून राह्यल्ती ना?”

“मंग काय हॉलचं?” ती म्हणाली. जराशानं म्हणाली, “तसं मनात आसंलबी. मला तरी काय ठाव.”

परवा शेजारच्या गावचे चार जण मोटारसायकलींवर आले. त्यांच्याकडं व्यायामशाळा बांधायची निघाली आहे, मोठी की लहान यावरून गावात दोन तट पडलेत. “तुमच्यावाणी शहाणा माणूस पायजे,” ते म्हणाले. “येता का?”

“हां,” त्रिंबक म्हणाला, आणि चपला घालायला आत गेला. “तिथं जाऊन काय सांगणार?” कडूबाईनं विचारलं. तो दारात थांबून विचार करत राहिला, तोवर बाहेर गाडी चालू झाली होती.