छत्रीवरचा डोंगर

कोमांग रेदिता दोनदा नापास झाला, पण त्याच्या नकाशांना कुणी वाईट म्हटलं नव्हतं. उलट ते फार सुबक होते, आणि तिथेच घोळ होता.

देनपसारच्या कलामहाविद्यालयात शेवटच्या वर्षाला काम मिळालं होतं : बालीचा असा नकाशा करा, की तो इथल्याच माणसाने केलाय हे बघताक्षणी कळावं. रेदिताने पहिल्यांदा रस्ते, नद्या, गावं अशी काही रेखली की बघत राहावं. त्यांचे शिक्षक पाक विदास्त्रा (तिथे आदराने पुरुषाला ‘पाक’ म्हणतात, बाईला ‘बू’) यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे माझ्या फोनमध्ये आहे. फोन तर वर घड्याळही दाखवतो." दुसऱ्यांदा त्याने चार कोपऱ्यांत चार नाग बसवले. "छान," ते म्हणाले, "पर्यटकांच्या टॉवेलवर शोभेल." तिसरी खेप सोमवारी होती आणि तीच शेवटची. जमलं नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की काका गावी, तेजाकुलाला, लवंगा वाळवायला बोलावणार, हे काकांनी स्वतःच, अगदी प्रेमाने, कळवलं होतं.

शुक्रवारी सकाळी तो पलंगावर पडून कोऱ्या कागदाकडे बघत होता. तेवढ्यात घरमालकीण बू रेंतिनी देवासाठीचा रोजचा फुलांचा द्रोण ठेवायला दारात आल्या आणि द्रोण हातातच राहिला.

"कोमांग! पाय कुठे केलेयस?"

"भिंतीकडे."

"भिंतीपलीकडे काय आहे?"

"तुमची कोंबड्यांची खुराडी."

"आणि त्याच्याही पलीकडे? बघ, बघ, आठवतंय का!"

रेदिता ताडकन उठून बसला. पलीकडे, उत्तरेला, डोंगर होता. देव राहतात तो डोंगर. आणि गेले आठ दिवस हा पठ्ठ्या त्यांना रात्रभर तळपाय दाखवत झोपत होता.

"तरीच म्हटलं पोराला काही सुचत का नाही," बू रेंतिनी म्हणाल्या. "सुचेल कसं? सगळं पायातून गळून जातंय."

"बू, मुद्दाम नाही केलं. खोली बदलली तेव्हा सवयीने दक्षिणेला उशी टाकली. आमच्या घरी तसंच करतात."

"दक्षिणेला? समुद्राकडे डोकं?"

"आमचं गाव उत्तर किनाऱ्यावर. आमच्याकडे दक्षिणेला डोंगर असतो. समुद्र उत्तरेला."

"ऐकलंत का हो?" त्यांनी अंगणात हाक मारली. "याच्या गावात डोंगर कूस बदलतो म्हणे!"

अंगणात पाक सुगाता, म्हणजे त्यांचे यजमान, देवळाच्या छत्रीला झालर लावत बसले होते. तोंडात टाचण्या होत्या. त्यामुळे ते नुसते हसले. संसारात टाचण्यांचा हा उपयोग त्यांना फार पूर्वी कळला होता.

बू रेंतिनी हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. पलंग फिरवून झाल्यावर त्यांनी रेदिताला अंगणातल्या चटईवर बसवलं, मध्ये कागद ठेवला आणि समोर बैठक मारली. "हे बघ. हा माझ्या मांडीपाशी समुद्र. हा वर डोंगर. अशी आहे बाली."

रेदिताने पेन्सिल घेतली. आपल्या मांडीपाशी समुद्र काढला आणि पुढे डोंगर. "आमच्याकडची अशी आहे."

"अरे मेल्या, माझ्या समुद्रात डोंगर उभा केलास!"

"आणि तुम्ही तुमचा आमच्या कोळ्यांच्या डोक्यावर ठेवलात, त्याचं काय?"

दोघंही हसायला लागले. मग रेदिता हसता हसता थांबला. दोन माणसं, एक कागद, आणि प्रत्येकाचा डोंगर आपल्यापासून पुढे. कागदाची वरची बाजू कुठली हेच मुळी ठरत नव्हतं. त्याची नजर पाक सुगातांच्या मांडीवरच्या छत्रीवर गेली. मधोमध टोक, आणि चहूकडून खाली उतरत झालरीपर्यंत गेलेलं कापड.

"पाक, मला एक छत्री शिवून द्याल? पांढरी, साधी. परवापर्यंत."

पाक सुगातांनी टाचण्या काढल्या. "परवा? देवसुद्धा माझ्या छत्रीसाठी सहा महिने थांबतात."

"देवांना सोमवारी परीक्षा नसते."

पाक सुगातांनी टाचण्या परत तोंडात धरल्या आणि पांढरं कापड पुढे ओढलं.

सोमवारी रेदिताने वर्गाच्या मध्यभागी छत्री उघडून उभी केली. टोक म्हणजे डोंगर, झालर म्हणजे समुद्र. नद्या टोकाकडून झालरीकडे निघालेल्या, आणि प्रत्येक गावाचं नाव असं लिहिलेलं, की डोंगराकडे तोंड करून उभं राहिलं तरच ते सरळ वाचता यावं. वर-खाली नाही, उजवं-डावं नाही. ज्याला आपलं गाव हवं त्याने त्या बाजूला जावं.

पाक विदास्त्रा छत्रीभोवती चालू लागले. पूर्वेच्या बाजूला थांबले, वाकले. ते पूर्व किनाऱ्यावरच्या अमेदचे. त्यांच्या दारातून डोंगर पश्चिमेला दिसतो.

"इथे एक ओढा राहिलाय," ते म्हणाले. "लहानपणी त्यात बुडता बुडता वाचलो होतो."

"तो फोनमध्ये नाही, पाक."

"म्हणूनच सांगतोय." त्यांनी त्याच्या हातातला कुंचला घेतला आणि ओढा स्वतःच काढला, जरा वाकडाच. मग काय, अख्खा वर्ग आपापल्या बाजूला सरकला. कुणाला आजोळ हवं होतं, कुणाला भाताचं शेत.

रेदिताला शंभरात अठ्ठ्याऐंशी मिळाले. बू रेंतिनींनी शेजारी तीन घरांत सांगितलं. पाक सुगातांनी मात्र गुणपत्रिका दोनदा वाचली. बारा गुण झालरीच्या शिलाईचे कापले होते.

"कोण आहे हा विदास्त्रा?" त्यांनी चप्पल चढवत विचारलं. "आणि त्याचं कॉलेज इथून डोंगराकडे आहे की समुद्राकडे?"