लाडावलेली बुरशी

तीन सप्टेंबरला एक लाख अठरा हजार सहाशे चाळीस रुपयांचं बुरशी वाढवायचं नवं उबदार कपाट प्रयोगशाळेत आलं आणि थेट नानांच्या साडूच्या खोलीत गेलं. नाना दारात उभे राहून हमालांकडे बघत होते. स्वतःच्या खोलीतला पंखा दुरुस्त व्हावा म्हणून त्यांनी किती अर्ज केले होते, पण तो अजून दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा फिरत होता.

"नाना, जरा सरका," साडू म्हणाला. "कपाट आत जाऊ दे, मग निवांत नजर लावा."

हमालसुद्धा हसले. नानांच्या अंगाचा तिळपापड झाला.

फळांचे रस तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत नाना बुरशी सांभाळायचे. सफरचंदाला कुठे खरचटलं किंवा टोचलं, की तिथून एक निळसर हिरवी बुरशी आत शिरते. फळ तपकिरी, पिचपिचीत होतं आणि त्या कुजक्या भागात बुरशी विष तयार करते. विष डोळ्यांना दिसत नाही आणि रस उकळला तरी पुरतं जात नाही. अशी फळं रसात गेली तर त्यांचा अंश बाटल्याबाटल्यांत उतरतो आणि रस पिणारी बहुतेक लहान मुलं असतात. म्हणून कारखाने आपला माल इथे तपासायला पाठवत. तपासणारं यंत्र खरं बोलतंय ना, हे कळायला थोडं खरं विष हाताशी लागतं. गेली कित्येक वर्षं ते बाहेरून विकत यायचं.

नानांची बुरशी त्यांच्या स्वतःच्या हातची होती. नोकरीला लागले त्या वर्षी बाजारामागच्या ढिगाऱ्यातून एक सडकं सफरचंद त्यांनी उचलून आणलं होतं आणि त्याच्यावरून तिला वेगळं काढलं होतं. तेव्हापासून दर महिन्याला सुईच्या टोकावर तिचा कण घेऊन ते तिला ताज्या बशीत हलवत. बशीत गोड खाद्य तयार असे. एकतीस वर्षांत त्या बशीत परकी बुरशी उगवली नव्हती. "मला सवत आणलीय यांनी, तीही हिरवी," असं बायको आल्यागेल्याला सांगायची.

दुसऱ्याच्या ताटात बघायची खोड मात्र नानांना लहानपणापासून. थोरल्या भावाला नवी चप्पल मिळाली की यांच्या पायांना खडे टोचायचे. वय वाढलं, खोड मुरली. आणि तिचा सगळा भार आता साडूवर पडला होता. सहा वर्षांपूर्वी त्याचा कारखाना बंद पडला, तेव्हा बायकोच्या आग्रहावरून नानांनीच प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंकडे त्याच्यासाठी शब्द टाकला होता. तो कानामागून आला आणि तिखट झाला. शिपायापासून बाईंपर्यंत सगळे त्याच्या टेबलाशी चहाला थांबत. त्याच्या चहाच्या कपबशा दोन दोन दिवस विसळल्या जात नसत. त्याचीही एक बुरशी होती, पण बशीत नव्हे, फळांत. एक सफरचंद सडलं की त्यात बुडवलेली सुई तो दुसऱ्याला टोचायचा. नानांच्या मते ती प्रयोगशाळा नव्हतीच, उकिरडा होता.

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला कपाट मिळालं," त्या संध्याकाळी नाना म्हणाले.

"मग? घरी घेऊन आलाय का तो?"

"माझ्या खोलीतला पंखा धड फिरत नाही."

"तुमच्या बुरशीला वारा सोसत नाही, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

नानांनी पेपर उघडला.

पुढच्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी दोघांना बोलावलं. विकतचं विष परवडेनासं झालं होतं, तेव्हा ते आता इथेच करायचं ठरलं होतं. "एकच बुरशी ठेवू, जास्त विष करणारी. ज्याची निवडली जाईल त्याच्याकडे बुरशीची खोली. नाना, तुम्ही मार्चमध्ये निवृत्त होताय. तुमची असली तर आणखी दोन वर्षं तुम्हाला ठेवून घेता येईल."

नानांना ती दोन वर्षं हवी होती. पगारासाठी थोडी, पण त्याहून जास्त यासाठी की आपल्या स्टुलावर साडू बसू नये.

एकाच पेटीतली निरोगी सफरचंदं दोघांना वाटून दिली. दोघांनी त्यांत आपापली बुरशी टोचली. काही दिवसांनी साडूची सफरचंदं बोट लावलं तर आत जात होती. नानांच्या फळांवर नाण्याएवढे तपकिरी डाग होते आणि त्यावर देखणी हिरवी लव. यंत्रात साडूच्या रसाने काटा वर नेला. नानांच्या रसात विष जवळजवळ नव्हतंच.

"चांगली फळं तू काढून घेतलीस," नाना बाईंसमोरच साडूला म्हणाले. "मला कच्ची दिलीस."

साडू पहिल्यांदाच हसला नाही. "मग या वेळी दोघांची तुम्हीच निवडा."

नानांनी निवडली, पुसली, स्वतःच्या हाताने टोचली. निकाल तोच आला.

बाई त्यांना खुर्ची देऊन म्हणाल्या, "नाना, चूक तुमच्या हाताची नाही. एकतीस वर्षं तिला बशीत आयतं मिळालं. फळाची साल फोडायची नाही, त्याच्याशी झगडायचं नाही. जिला भांडावं लागत नाही ती हत्यार कशाला बाळगेल? विष करायचं ती विसरत गेली."

"लाडावलीत तुम्ही तिला," साडू म्हणाला. "माहेरीच ठेवलीत. आता सासरी पाठवा, सफरचंदात. दोनचार फळं फिरली की तिला जुनं आठवेल."

सल्ला बरोबर होता आणि तोच नानांना जास्त झोंबला. बाईंनी पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत मुदत दिली. पेटी संपली होती आणि कार्यालयाच्या खरेदीला वेळ लागणार होता. दुसऱ्या दिवशी साडूने एक पिशवी नानांच्या टेबलावर ठेवली.

"सहा आहेत. एकशे ऐंशी रुपये झाले, खिशातून घातलेत. द्या सावकाश."

"मला तुझे उपकार नकोत."

"उपकार कुठले? पैसे मागतोय."

नानांनी पिशवी ठेवून घेतली. पहिल्या सफरचंदात बुरशी नुसती रेंगाळली. त्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नाना तिला नेत राहिले. जेवणाच्या सुट्टीतही ते दार लावून फळ दाबून बघत. चौथं सफरचंद बोटाखाली खचलं, तेव्हा त्यांनी ते तसंच हातात धरून बाईंच्या टेबलापर्यंत नेलं. ओघळ मनगटापर्यंत आले होते. विष आलं होतं, पण साडूच्या मानाने तिसरा हिस्सा. मुदत संपली होती. बाईंनी साडूची बुरशी निवडली.

मार्चमध्ये नानांनी किल्ली दिली. साडूने ती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाला, "तुमची टाकणार नाही मी. फिरवत ठेवीन फळांत."

"टाक की. मला काय त्याचं," नाना म्हणाले.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मेहुणी घरी आली. चहा पिता पिता तिने सांगितलं, "भावोजी, हे म्हणत होते, तुमची बुरशी आता यांच्या बुरशीपेक्षा जास्त विष करते. बाईंनी तीच ठेवायचं ठरवलंय."

"बघा, शेवटी तुमचीच," बायको म्हणाली.

नानांनी कप खाली ठेवला. एकतीस वर्षं त्यांच्या हाताखाली ती गोजिरवाणी हिरवी राहिली आणि साडूच्या हाताखाली तीन महिन्यांत कामाला आली. आजवर त्यांना माणसांचा हेवा वाटायचा. आता फळातल्या बुरशीचाही वाटू लागला, कारण ती त्याच्याकडे सुखात होती.

"पैसे दिलेत का हो त्या सफरचंदांचे?" मेहुणी गेल्यावर बायकोने विचारलं. "बहिणीसमोर विचारलं नाही."

"देईन," नाना म्हणाले.

एकशे ऐंशी रुपये अजून द्यायचे आहेत.