फाइल उघडली, आकडे गळाले

आमच्या रोह्याच्या कंपनीत अल्कोहोल आणि पाणी वाफेने वेगळं करणारा एक जुना कॉलम, म्हणजे उंच मनोरा, होता. त्याच्या जागी नवा यायचा होता. जुन्याचं संगणकावरचं मॉडेल मी बनवलं होतं. नव्याचं डिझाइन पुण्याचा एक सल्लागार करत होता. आमचं सॉफ्टवेअर वेगळं, त्याचं वेगळं. माझी फाइल त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, एकही चूक दाखवली नाही. उत्तर आलं: जवळपास शुद्ध अल्कोहोल मिळेल. मी रिपोर्टवर सही केली.

मग सहज म्हणून कॉलम चालवणाऱ्या काकांना ते सांगितलं. काका पेणकडच्या खाडीकाठचे, घरचं मिठागर सोडून कंपनीत लागलेले. चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाले, "नाय मॅडम. शेवटचं पानी ह्यो सोडतच नाय. किती बी वाफ द्या."

"नवा उंच आहे ना, काका."

"उंच आसंल. पानी तेच हाय ना?"

कॉलम कितीही उंच केला तरी नुसत्या वाफेने शेवटचं पाणी निघत नाही, हे मी कॉलेजात शिकले होते. तरी सही केली होती.

पुढचे दोन दिवस जेवण गेलं नाही. पेणला घरी आले तरी डोक्यात तेच. आई म्हणाली, "अगो, भात निवला." मी ताटावरून उठून पुन्हा लॅपटॉप उघडला. सल्लागाराकडून त्याच्या मॉडेलमधले सगळे आकडे मागवले होते; ते माझ्या आकड्यांशी एकेक ताडून पाहत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. अल्कोहोल आणि पाणी मिसळल्यावर एकमेकांशी कसं वागतात, ते सांगणाऱ्या आकड्यांच्या जागी त्याच्याकडे शून्य होतं. त्याच्या सॉफ्टवेअरला ते वाचता आले नव्हते, आणि ते गप्प बसलं होतं.

मी तडक साहेबांकडे गेले.

"सही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"उद्या ऑर्डर जाणार होती, कळतंय का?"

ऑर्डर थांबली. अशा सॉफ्टवेअरांसाठी एक सामायिक मानक आहे. ते वापरलं तर फाइल बदलावी लागत नाही; एकाचं गणित दुसऱ्यात जसंच्या तसं जोडता येतं. दोन्हीकडे ती सोय होती, पण आम्ही कुणी वापरलीच नव्हती. ती जोडल्यावर सल्लागाराचं मॉडेलही काकांसारखंच बोलू लागलं. शेवटचं पाणी काढायला डिझाइनमध्ये वेगळा टप्पा घातला गेला.

नव्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं की चूक आधी कॉलमच्या ऑपरेटरने ओळखली. साहेब म्हणाले, "ही ओळ काढा. पुरावा काय?" मी काकांच्या हातच्या लॉगबुकची पानं जोडली; शेवटचं पाणी राहिल्याच्या नोंदी त्यांत होत्या. ओळ राहिली. काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "व्हय? बरं झालं," आणि वाफेचा व्हॉल्व्ह बघायला गेले.

मला मात्र चैन पडेना. याआधी किती फाइली अशाच पाठवल्या होत्या? यादी काढली. अजून तपासतेय.