हायड्रेंजियाची गोडी छाटणी

नाशिकजवळ माझी द्राक्षबाग होती. दिवाळीच्या आगेमागे वेलींची जी छाटणी होते, तिला आमच्याकडे गोडी छाटणी म्हणतात. ती साधली तर घड लागतात. चुकली तर वर्ष वाया जाते. छाटणीत माझा हात धरणारा कोणी नाही असे लोक म्हणत. मी ते खरे मानले होते. बाग विकून मुलाकडे अमेरिकेत, कॅरीला राहायला आलो तेव्हा छाटणीची कात्री तेवढी सोबत आणली.

मुलाच्या घरामागे कुंपणालगत हायड्रेंजियाची चार झुडपे आहेत. ती सुनेच्या आईने लावली. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या नागपूरहून आल्या होत्या. शेजारणीकडून मागून आणलेल्या फांद्या त्यांनी कुंडीत रुजवल्या आणि परत जाण्यापूर्वी इथल्या तांबड्या चिकणमातीत लावल्या. पुढे त्यांना येणे जमले नाही. त्या झुडपांची निळी फुले त्यांनी आजवर फोटोतच पाहिली आहेत. येत्या जूनमध्ये त्या येणार आहेत. गुडघे साथ देत नाहीत. त्यानंतर पुन्हा येणे होणार नाही, असे त्याच सांगतात.

नोव्हेंबरात पहिले हिमदंव पडले. पाने काळी पडून लोंबू लागली. ऑफिसला निघताना सून म्हणाली, "बाबा, हायड्रेंजियाला आज फक्त पाणी घाला हं. शनिवारी आपण कव्हर करू."

कव्हर म्हणजे काड्यांभोवती पाइनच्या सुईसारख्या सुक्या पानांचा जाड थर आणि वरून गोणपाट. मी बरे म्हणालो. वाळक्या काड्यांना पांघरूण घालण्याची कल्पना मला हास्यास्पद वाटली. हंगाम छाटणीचा होता. ती गेल्यावर मी कात्री काढली आणि चारही झुडपे जमिनीपासून वीतभर ठेवून छाटली. काप तिरके आणि स्वच्छ आले. काड्या कागदी पिशव्यांत भरून कचरागाडीसाठी रस्त्याच्या कडेला ठेवल्या. दुपारी समाधानाने झोपलो.

संध्याकाळी सून पिशवीतली एक काडी हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. काडीच्या टोकाला फुगलेला हिरवा डोळा होता.

"बाबा, हे तुम्ही कट केलं?"

"छाटणी केली. आता जोमाने फुटेल."

"पानं फुटतील. फुलं नाही येणार. याच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, जुन्या काडीवर. त्या जगाव्यात म्हणून तर आपण कव्हर करतो." तिने काडी ओट्यावर ठेवली. "हे जूनचं फूल होतं."

ती ओरडली असती तर मला उत्तर देता आले असते. ती कणीक मळायला लागली.

रविवारी सकाळी तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. मी टेबलाशी चहा घेत होतो.

"काय गं, माझे झाडं झाकले का?"

"आई, या वेळी थंडी लवकर पडली गं. वरचं सगळं गेलं. जूनमध्ये फुलं नाही येणार बहुतेक."

"आणि तू काय करत होती? झाकलं काहून नाही?"

"राहून गेलं."

"राहून गेलं! एवढं मोठं घर सांभाळते म्हणे, आईचे चार झाडं नाही सांभाळता आले. मी येऊन पाहू तरी काय? तुझं कुंपण?"

सून मान खाली घालून ऐकत होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिले नाही. मी उठून फोनसमोर गेलो.

"विहीणबाई, थंडीचा दोष नाही. झुडपे मी छाटली."

"तुम्ही? काहून जी?"

"द्राक्षासारखी छाटली. हिला न विचारता."

मग त्या मोठ्याने हसल्या. "वा भाऊ! मग जूनमध्ये मी द्राक्षंच खायला येते. टोपली तयार ठेवा." त्यांनी मला तेवढ्यावर सोडले. मग हसू ओसरले. "तू मला दिसतेस का गं? समोर ये. आईशी खोटं बोलली तू?"

कॉल लवकर संपला.

मला वाटले होते, मी तिच्या डोक्यावरचे ओझे उतरवले. तिने फोन उलटा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, झाडांवरून तिची बोलणी मी खाल्ली असती. दोन दिवसांत विसरली असती ती. आता प्रत्येक गोष्टीत विचारेल, हे तरी खरं सांगतेस ना. इथे सगळं ठीक आहे, असं मी तिला रोज सांगते."

झुडपांच्या बाबतीत मला तिला विचारायचे सुचले नव्हते. खरे बोलतानाही सुचले नाही. दोन्ही वेळा मला माझीच कात्री चालवायची होती.

पुढच्या शनिवारी तिने एकटीने त्या खुंटांवर पाइनच्या सुया पसरल्या. मी मदतीला गेलो. "राहू द्या बाबा, थंडी आहे," ती म्हणाली. स्वर नेहमीचाच होता.

आता मायलेकींचा कॉल वरच्या खोलीत होतो, दार लावून. तेवढा वेळ मी खाली टीव्हीचा आवाज वाढवतो. मी ऐकत नाही, एवढे तरी तिला कळावे.