साहेब ऑनलाइन आले की उभं राहायचं!

फायली साचतात म्हणून आमच्या ऑफिसचं नाव उगाच बदनाम आहे. फायलीला एक ना एक दिवस रद्दीवाला तरी मिळतो. किस्से कोण नेणार? ते डोक्यातच पडून राहतात, अन टपरीवर चहा घेताना एक काढला की मागून पाच येतात. आता तुम्हीच घरून कामाचा विषय काढला आहे, तर बसा निवांत.

झालं असं, की आमच्या ऑफिसात छताचं प्लास्टर पडलं. तेही नेमकं साहेबांच्या खुर्चीवर. साहेब जागेवर नव्हते म्हणून वाचले. वेळ ऑफिसची होती, पण ते आम्ही पंचनाम्यात घेतलं नाही.

दुरुस्ती होईपर्यंत साहेबांसकट सगळ्यांनी घरून काम करावं, असा आदेश निघाला. प्रायोगिक तत्त्वावर! उन्हाळा सरला की साहेब वर अभिप्राय पाठवणार, अन मग हे पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरणार.

साहेबांचा अभिप्राय पहिल्याच दिवशी तयार होता. मला म्हणाले, "घरी बसून ऑफिस होत नसते, पराते. घरी बसून फक्त घर होते."

आम्हा बाकीच्यांना काय, इकडे नाही तर तिकडे. जीव टांगणीला लागला होता तो मेश्राम मॅडमचा. मनीषनगरात त्या अन त्यांची आई, दोघीच राहतात. आई खाप्याच्या शाळेत मास्तरीण होत्या. आता त्यांना काही आठवत नाही, पण शाळेत जायचं तेवढं आठवतं. चप्पल घालून निघून जातात. एकदा मे महिन्याच्या उन्हात पार मेन रोडवर सापडल्या. सांभाळायला ठेवलेल्या बाया टिकल्या नाहीत.

मॅडम मला फोनवर म्हणाल्या, "पराते भाऊ, हे बंद झालं तर मले नोकरी सोडाच लागते. दुसरा इलाज नाही."

मी म्हटलं, "होईल सगळं बरोबर." फोन ठेवल्यावर मात्र वाईट वाटलं. साहेबांना मी ओळखून होतो.

*

पहिली ऑनलाइन मीटिंग. साहेब स्क्रीनवर आले अन आम्ही सगळेच्या सगळे उभे राहिलो! कोणी सांगितलं नव्हतं. साहेब आले की उभं राहायचं, इतकी वर्षं तेच केलं. साहेबांना स्क्रीनवर तोंडाच्या जागी नुसती पोटं दिसली.

ते हाताने खुणावत "बसा, बसा" म्हणत असावेत. पण त्यांचा माइक बंद होता. अन साहेबांना "तुमचा माइक बंद आहे" असं सांगणार कोण? पूर्ण मीटिंग उभ्याने झाली.

त्यात आमच्या लाखेचं पितळ उघडं पडलं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली फुलाफुलांची बर्म्युडा!

दुसऱ्या दिवशी साहेबांची लेखी सूचना आली. "घर असले तरी कार्यालयच समजावे. कमरेखालीसुद्धा."

*

हाच लाखे एकदा मीटिंगमध्ये आला तो तोंडाला दुपट्टा बांधून. मागे माणसंच माणसं.

साहेबांचा माइक त्या दिवशी घरच्यांनी सुरू करून दिला होता. त्यांनी विचारलं, "लाखे, कुठे आहात?"

"घरीच आहो सर."

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "बोला बोला! दशेरी आंबा, पहिल्या हाताचा माल! बोली लावा!"

कळमन्याचं मार्केट सगळ्यांना कळलं. साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "घरीच आहात तर आमच्यासाठी पण दोन पेट्या बोलून टाका."

*

ढोकेभाऊ आमचे शिपाई. त्यांनी विचारलं, "मी घरून काय करू जी?" आदेशात तर 'सर्व कर्मचारी' लिहिलं होतं. शेवटी त्यांनी तेच काम केलं, जे ते ऑफिसात करतात. स्वतःच्या घराच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले.

त्यांचा साळा आला बहिणीला भेटायला. ढोकेभाऊंनी त्याला दारातच अडवलं. "काय काम होतं?"

साळा म्हणाला, "अहो भाऊजी, ताईले भेटाचं आहे!"

ढोकेभाऊ म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीनंतर ये गा."

*

माझे बाबा उमरेडचे विणकर. आमच्याकडे माग घरातच होता, घर अन कारखाना एकच. त्यामुळे घरून कामाचं त्यांना बिलकुल कौतुक नव्हतं. पण मी काय करतो यावर त्यांची नजर होती. एका संध्याकाळी विचारलंच, "आज काय काम झालं गा?"

मी म्हटलं, "एक फाइल मेश्राम मॅडमकडे पाठवली."

"मंग?"

"त्यांनी शेरा मारून परत पाठवली."

"मंग?"

"मी उत्तर लिहून पुन्हा त्यांच्याकडे पाठवली."

बाबा म्हणाले, "आमी बी मागावर धोटा असाच इकडून तिकडं फेकत होतो. पण संध्याकाळपर्यंत बित्ताभर लुगडं तरी निघे!"

*

अन मग ती शेवटची मीटिंग. विषय एकच, अभिप्राय. मॅडमचा चेहरा आधीच उतरलेला. साहेब आले, आम्ही उभे राहिलो. साहेब बसल्या-बसल्या हात हलवून काहीतरी बोलत होते. माइक नेहमीप्रमाणे बंद. आम्ही नेहमीप्रमाणे उभे.

तेवढ्यात मॅडमच्या मागून त्यांच्या आई आल्या. स्क्रीनजवळ वाकून त्यांनी एकेक चौकट पाहिली. सारा वर्ग उभा! त्यांचा चेहरा असा खुलला बाप्पा, की काय सांगू.

"बसा रे पोट्टेहो, बसा."

आम्ही बसलो.

मग त्यांची नजर साहेबांवर गेली. "अन तू गा, चष्मेवाल्या? बाई वर्गात आल्या, सारे उभे राहिले, अन तू काहून बसून राहिला? उभा राय!"

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. "अवं आई, ते साहेब आहेत!"

"असन. उभा राय म्हटलं न!"

साहेब उभे राहिले. वर टाय होता, खाली चौकड्याची लुंगी. लाखेने पटकन कॅमेरा बंद केला. साहेब तसेच हात बांधून उभे होते. मग त्यांनी वाकून माइक सुरू केला. स्वतःच्या हाताने, पूर्ण उन्हाळ्यात पहिल्यांदा.

"बसू का, बाई?"

"बस. नाव काय तुह्यं?"

साहेबांनी नाव सांगितलं. नुसतं नाव, आडनाव नाही, हुद्दा नाही.

"हुशार दिसतो. उद्या बी इथंच ये. सारेच या. उन्हातान्हात कुठं भटकू नका."

"हो, बाई."

आई समाधानाने आत गेल्या. मॅडम डोळे पुसत होत्या. "सर, माफ करा," एवढंच त्यांना बोलता आलं.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे. कोणीतरी विचारणं भाग होतं, म्हणून मीच विचारलं, "सर, अभिप्रायात काय लिहू?"

साहेब लुंगी सावरत खाली बसले.

"बाईंनी सांगितलं न, पराते. तेच लिहा."